जेवण घेतले, रुग्ण शांत

आमच्या वॉर्डात सगळ्यांत लाडका शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगेन: शांत. पाळी संपताना रिपोर्ट बुकात प्रत्येक रुग्णापुढे दोन ओळी लिहायच्या असतात. ‘जेवण घेतले. औषध घेतले. रुग्ण शांत.’ एवढं लिहिलं की पुढच्या पाळीची सिस्टर खूश, डॉक्टर खूश, इन्चार्ज सिस्टर खूश. रुग्ण खूश आहे का, यासाठी बुकात जागा ठेवलेली नाही.

नांदेडच्या एका दवाखान्यात, मनोरुग्ण बायकांच्या वॉर्डात मी अकरा वर्षं काढली. दवाखान्याचं नाव सांगून काही उपयोग नाही, कारण जी चूक सांगणार आहे ती माझी आहे. सासर अहमदपूरला. सुट्टी मिळाली की एसटीने घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी परत फिरायचं. सून काय करते असं कुणी विचारलं, तर सासूबाई "दवाखान्यात सिस्टर हाय" एवढंच सांगायच्या आणि कुठल्या वॉर्डात ते गिळून टाकायच्या. ज्यांना ठाऊक होतं ते माझ्या तोंडावर हसून म्हणायचे, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला." मीही हसायचे. पहिली काही वर्षं तर मनापासून हसायचे.

त्या वर्षांतली मी मला आता दुसरीच कुणी वाटते. एका बाईने वरणाचं ताट माझ्या तोंडावर फेकलं होतं. मी तोंड धुतलं, दुसरं ताट आणलं आणि तिचा शेवटचा घास पोटात जाईपर्यंत समोर बसून राहिले. कोण कुठल्या गावची, कुणाला भात चालत नाही, कुणाला लेकीचं नाव काढलं की रडू येतं, हे मला पाठ होतं. मग कधीतरी बायका जाऊन खाटांचे नंबर उरले. "सातला इंजेक्शन दे", "बाराला आंघोळ घाल". नक्की कधी, ते सांगता येत नाही. माठ झिरपत झिरपत रिकामा होतो, तसं झालं. फुटल्याचा आवाज झाला असता तर कुणी धावून तरी आलं असतं.

नाही म्हणायला एकदा आमच्यासाठी शिबिर झालं. बाहेरून एक मॅडम आल्या. त्यांनी आम्हाला डोळे मिटायला लावले, दीर्घ श्वास घ्यायला लावला आणि स्वतःसाठी वेळ काढत जा असं सांगितलं. त्या तासाभरात वॉर्डात चाळीस बायका आणि एकच सिस्टर होती. नंतर एक फॉर्म भरायचा होता. त्यात एक वाक्य होतं: ‘मला रुग्णांबद्दल काहीच वाटेनासे झाले आहे.’ पुढे चौकोन: कधीच नाही, कधी कधी, नेहमी. फॉर्म इन्चार्ज सिस्टरकडे द्यायचे होते. आम्ही एकमेकींच्या कागदात डोकावलो आणि शाळेतल्यासारखी कॉपी केली. सगळ्यांचं ‘कधीच नाही’. मॅडमनी आमचं कौतुक केलं, समोसे वाटले आणि त्या गेल्या.

ती बाई त्यानंतर महिनाभराने आली. चाकूरकडची, माझ्याच वयाची. भाऊ घेऊन आला होता. पहिले दोन आठवडे तिने वॉर्ड डोक्यावर घेतला. मला तर ती खास शिव्या द्यायची, माझ्या सात पिढ्यांची नावं ठाऊक नसली तरी त्यांचा उद्धार करायची. मी मनात म्हणायचे, बाई गं, एकदाची गप्प हो. आणि एके दिवशी ती गप्प झाली. गोळ्या लागू पडल्या असं सगळ्यांना वाटलं. मला तर हायसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुपारच्या फेरीत मी खाटांमधून चालत विचारायचे, "जेवलीस का?"

"हाव," ती म्हणायची.

मी पुढच्या खाटेकडे. बुकात: जेवण घेतले, रुग्ण शांत. असे नऊ दिवस. ताट घासूनपुसून रिकामं असायचं, त्यामुळे जेवण वाढणाऱ्या मावशींनाही शंका आली नाही. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचं वजन वाढलं होतं आणि त्याबद्दल राउंडला आमची पाठ थोपटली गेली होती.

दहाव्या दिवशी सकाळी आंघोळीच्या रांगेत ती खाली कोसळली. उचलायला वाकले तर हातात नुसती हाडं लागली. रोज जिच्या खाटेपाशी थांबत होते, तिचा असा हाडांचा सापळा कधी झाला, ते मी पाहिलंच नव्हतं. नाडी सापडेना. आम्ही तिला पळवतच दुसऱ्या वॉर्डात नेलं, सलाईन लागलं, आणि दोन दिवस ती राहते की जाते याचा भरवसा नव्हता. म्हातारी तेवढी खाटेवर बसून सांगत होती, "ती रोजच भाकर मला देऊन राहिली ना. म्हने, मला भूक न्हाई, मला मरू दे. मी सांगनार होते, पन कोनी इचारलंच न्हाई."

मी रडेन असं मला वाटलं होतं. रडू आलं नाही. मला पहिली भीती कसली वाटली, तर बुकाची. ती बाई मरणाच्या दारात होती आणि मी पानं उलटून माझं अक्षर तपासत होते. इन्चार्ज सिस्टरनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "घाबरू नको. तुझी एंट्री बरोबर आहे." खरंच बरोबर होती. मी विचारलं होतं, तिने हाव म्हटलं होतं. चौकशी झाली आणि त्या नऊ खोट्या ओळींनी मला वाचवलं. मला माझी इतकी किळस कधी आली नव्हती, आणि त्यानंतरही दुसऱ्या दिवशी मी तशाच ओळी लिहिल्या.

ती वाचली. तिचा भाऊ तिला घेऊन जाताना माझ्या पाया पडायला वाकला, "सिस्टर, तुमच्यामुळं हाय ती." मी मागे सरकले. खरं सांगायची हिंमत झाली नाही.

पुढे माझी बदली ओपीडीत, औषधाच्या खिडकीवर झाली. काम कमी झालं, पण मला कशाचंच काही वाटेना. घरी गेले की मी भांडी घासायचे, कपडे धुवायचे, विचारलं तेवढंच बोलायचे. घास तोंडात फिरायचा, म्हणून ताट कोपऱ्यात नेऊन झाकून ठेवायचे. पूर्वी नवऱ्याशी कडाकडा भांडणारी मी, भांडायचीही थांबले. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "सून लई शांत झाली आता. पयल्यावानी तोंड न्हाई करत." नवऱ्यानेही मान डोलावली. मी आत कणीक मळत होते. गुण लागला होता, आणि घरात सगळे खूश होते.

मग एका सोमवारी ती खिडकीशी आली. अंगाने भरलेली, केसांना तेल, हातात डब्याची पिशवी. फेरतपासणीला भावासोबत आली होती. मी रजिस्टरात खूण केली आणि गोळ्यांचं पाकीट सरकवलं. ती ते घेईना.

"सिस्टर, तुमी जेवून राहिल्या का?"

"हाव," मी म्हणाले. वर पाहिलंही नाही.

"मी बी हावच म्हनत होते."

तेव्हा मी वर पाहिलं. ती माझ्या मनगटाकडे बघत होती. तिथे घड्याळ सैल होऊन कोपरापर्यंत घसरत होतं. तिने पिशवीतून फडकं सोडलं, ज्वारीची भाकरी अर्धी मोडली, वर मिरचीचा ठेचा ठेवला आणि खिडकीच्या फळीवर ठेवली. मागे रांग कुरकुरायला लागली, भाऊ "चल की" म्हणत होता. ती जागची हलली नाही.

मी तुकडा तोडला. माझा घास गिळून होईपर्यंत ती समोर उभी होती. हे काम माझं होतं.