मास्क लावलेली बाई

लेकीने त्या जपानी बाईची गोष्ट स्कूलबसमध्ये ऐकली आणि माझ्या डोक्याला ताप झाला. नवऱ्याने तोंड कानापर्यंत फाडलेली ही बाई मेल्यावर सूड घ्यायला मास्क लावून, कात्री घेऊन फिरते म्हणे. मुलं दिसली की विचारते, "मी सुंदर आहे का?" नाही म्हटलं की खलास. हो म्हटलं तर मास्क काढते. "आणि आता?" तेव्हाही हो म्हणालात, तर तुमचंही तोंड तिच्यासारखं फाडते. "ठीकठाक" म्हणालात तरच सुटका, कारण मग ती विचारात पडते.

"मग आपल्या घराला कसली भीती?" नवरा खो खो हसला. खरंच होतं म्हणा त्याचं. लग्नाच्या शालूत मी याला "बरी दिसतेस" एवढीच दिसले होते. तोंडावर कौतुक करायची पद्धतच नाही आमच्याकडे, ना सासरी ना माहेरी.

पण मी पडले दातांची डॉक्टर. इथे आखातात, शर्क भागातल्या क्लिनिकात दिवसभर तोंडाला मास्क. आणि नेमकी तेव्हाच लेकीची दुधाची दाढ किडून गाल टम्म सुजला. दाढ काढायलाच हवी होती, आणि ही बया मास्क दिसला की तोंड गच्च मिटायची. दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. तिथेही मास्कच ना!

शेवटी शनिवारी तिला माझ्याच खुर्चीत बसवलं. मी वाकले तर "नो! नो!" करत तोंडावर दोन्ही हात. मी वैतागून ओरडलेच, "अगं, आई आहे मी तुझी!" आणि लगेच इतकं वाईट वाटलं! अख्ख्या गावाची पोरं माझ्यासमोर तोंड उघडतात, आणि माझीच पोर मला घाबरते.

एरवी इंग्रजीत उत्तरं देणारी लेक हाताआडून चक्क मराठीत म्हणाली, "आई, तू मला विचार."

काय ते कळलं मला. विचारलं, "मी सुंदर आहे का?"

"ठीकठाक."

मास्क खाली ओढला. "आणि आता?"

तिने नीट निरखून बघितलं. "सुंदर," म्हणाली.

या उत्तरावर ती बाई काय करते ते तिला पक्कं पाठ होतं. मला एकदम भरून आलं. तिने हात बाजूला केले आणि मोठा आ केला. मास्क तर मला परत लावावाच लागणार होता. मी लावला, आणि ती माझ्याकडे बघत राहिली, तोंड तसंच उघडं ठेवून.