जादा तासाला कोण कोण बसलं

शाळेच्या कपाटात जुने पेपर साठतात आणि मास्तरच्या डोक्यात किस्से. पेपर निदान रद्दीत तरी जातात, किस्से कोण घेणार? मानोरा तालुक्यातल्या शाळांत माझी सतरा वर्षं गेली. त्यातल्या बऱ्याच संध्याकाळी जादा तासात. जादा तास म्हणजे वाचनात, गणितात मागे पडलेल्या पोरांचा तास, शाळा सुटल्यावरचा. पोरं दमलेली, मी त्यांच्याहून दमलेला. आता बसलोच आहोत, तर ऐका.

* * *

चौथीतली निकिता जोडाक्षर आलं की गप्प व्हायची. तिच्या वडिलांना बोलावून म्हटलं, "भाऊ, रोज दहा मिनिटं तिला घरी वाचायला बसवा."

"मले वाचता येत नाही न सर."

"नसू द्या. नुसते शेजारी बसा, मोबाईल बाजूला ठेवून. पोरीला वाटलं पाहिजे, बाप ऐकतोय."

पंधरा दिवसांनी भाऊ आपणहून आले. "रोज बसून राह्यलो सर. पन ते खरंच वाचते का नाही, मले कसं समजन?"

"पान उलटते ना?"

"उलटते."

"मग झालं की!"

"पन सर, माहा डोळा लागाले आला का दोन-दोन उलटते!"

* * *

मतदारयाद्यांच्या कामाला आठ दिवस गावोगाव हिंडत होतो. जादा तास अर्थातच बंद. नवव्या दिवशी शाळेत आलो, तर पहिलीत नुकतंच नाव घातलेली एक चिमुकली दारात आडवी उभी.

"कोन पाह्यजे?"

"मी इथला सर आहे, बाई."

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ते सर शाळेत नाही राहत. ते ड्युटीवर राह्यतात!"

हेडसर आतून खो-खो हसले. मला हसू यायला दुपार झाली.

* * *

एकदा पालकसभा ठेवली. घरोघर चिठ्ठ्या पाठवल्या, खुर्च्या मांडल्या. सोयाबीनची सोंगणी सुरू होती, काही घरं ऊसतोडीला निघून गेलेली. आले फक्त एक आजोबा. म्हटलं, एक तर एक! मुलांशी रोज बोला, आज काय शिकला विचारा, चुकलं तर ओरडू नका... अर्धा तास मी त्यांना एकट्याला भाषण दिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, रजिस्टरवर सही केली.

"आजोबा, नातू कितवीत आहे?"

"नातू पुसदले राह्यते."

"मग इथं कसे आलात?"

"रस्त्यानं चाललो होतो. तुमी एकटेच खुर्च्यायकडे पाहून राह्यले होते. म्हटलं, बसाव थोडं."

* * *

पाचवीतल्या साहिलला हातच्याची वजाबाकी जमत नव्हती. सहा वेळा समजावली. सातव्यांदाही तेच चुकलं. खडू ठेवला आणि डोकं धरून खुर्चीत बसलो. साहिल आपली बाटली घेऊन जवळ आला.

"सर, पानी घ्या."

प्यालो. मग तो हळूच म्हणाला, "टेन्शन नका घेऊ सर. जमन तुमाले शिकवनं. टाइम लागते!"

उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला ती वजाबाकी आली. श्रेय कुणाचं, ते विचारू नका.

* * *

आठवीतली प्रतीक्षा गणितात कच्ची. वडिलांनी माझ्यासमोरच सांगून टाकलं, "आठवीत अटकली त शाळा बंद. मंग मायच्या संगं मजुरीले जाईन." आई, सुमनताई, तिथेच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या जादा तासाला हजर! सरळ शेतातून आलेल्या. विळा दाराबाहेर ठेवला. "सर, मी पाचवीत शाळा सोडली. मलेच येत नाही, त इले घरी काय सांगू? मले बी बसू द्या."

मी हेडसरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मले काही दिसलं नाही!"

दोन महिने आल्या. मागच्या बाकावर, लेकीची जुनी वही घेऊन. दिवसभर वाकून काम केलेलं, बसल्या बसल्या डोळा लागायचा. मग प्रतीक्षा कोपराने ढोसायची, "माय, फळ्याकडे पाह्य!" डोळा कधीकधी माझाही लागायचा. मला ढोसायला कुणी नव्हतं.

परीक्षा झाली. प्रतीक्षा पास! मार्क काठावरचे, पण नववीचं पक्कं झालं. सुमनताई हटून बसल्या, "मले बी पेपर द्या." दिला. अपूर्णांकात पार घसरल्या. मग मीही एक कोरं प्रगतिपत्रक काढलं, त्यांचं नाव घातलं, लाल पेनाने मार्क भरले, 'अधिक सराव हवा' असा शेरा मारला आणि प्रतीक्षाच्या हाती घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ते परत आलं. पालकाच्या सहीच्या जागी प्रतीक्षाची सही होती. खाली लिहिलं होतं, 'घरी लक्ष देऊ.'