यादीतली दुसरी ठमाबाई

राजरत्न अहिरेला फोन करायचा म्हणजे माझं डोकं आधीच तापलेलं असतं. कल्याणच्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यातला पेशंटांचा प्रोग्राम पंधरा वर्षांपूर्वी त्यानेच लिहिलाय. काही अडलं की मी, काउंटरवरची स्वप्ना, त्याच्यावर आरडाओरडा करते आणि तो माजिवड्याहून निमूट येतो. आल्यावर चहात बिस्किट बुडवतो आणि ते कपात पडतं. पन्नाशीचा बाप्या, दर वेळी पाडतो!

त्या गुरुवारी तो दुसऱ्याच कामाला आला होता, आणि कोलशेतच्या नेत्रशिबिराची यादी आत घेताना प्रोग्राम सतराव्या ओळीवर अडला. म्हणे, 'नाव आधीच आहे.' ठमाबाई भोईर, जन्म एक जानेवारी १९५२. सोळाव्या ओळीतही तीच.

"दोनदा लिहिलंय रे कुणीतरी," मी म्हटलं. "ओके दाबलं की ती ओळ सोडून पुढे जातो. मी नेहमी तेच करते."

"नेहमी?" राजरत्नने कप खाली ठेवला आणि शिबिरवाल्या सुशांतला फोन लावला. "ठमाबाई एक की दोन रे?"

"दोन ना दादा! शेजारणी आहेत. दोघींना मोतीबिंदू."

ओकेवरचा हात मी मागे घेतला.

"जन्मतारीख ठाऊक नसली की आधार कार्डावर एक जानेवारी टाकतात गं," फोन ठेवून राजरत्न म्हणाला. "माझ्या आईचीही तीच आहे. आणि नवऱ्याचं नाव मीच वगळलेलं, तुमचं टायपिंग वाचावं म्हणून. गाढव आहे मी."

अर्ध्या तासात त्याने नवऱ्याचं नाव जोडलं. दोन्ही ठमाबाया आत आल्या. सुटलो बाई, म्हणून मी पर्स उचलली, तर हा उठेचना. जुन्या सगळ्या याद्या उघडून कोण कोण बाहेर राहिलं ते शोधत बसला. सात नावं निघाली. सातही वेळा ओके मीच दाबलेलं.

"'नाव आधीच आहे' हा मेसेज मी लिहिलेला," तो म्हणाला. "तू काय करणार?" इतकं चांगलं असू नये माणसाने, आपल्याला भांडायलाही जागा उरत नाही.

मग तो एकेकाला फोन लावत बसला. चौघांनी दुसरीकडे ऑपरेशन करून घेतलेलं. पाचव्या मीराबाई, चार वर्षांपूर्वीच्या यादीतल्या. फोन स्पीकरवर होता.

"आजी, तुम्हाला ऑपरेशनला बोलवायचं आमच्याकडून राहून गेलं."

"राहून गेलं व्हय? मला वाटलं, माझे डोळे बरे होण्यातले नाहीत, म्हणून बोलावलं नाही. मी कुणाला इचारलंच नाही बाबा."

राजरत्न फोनजवळ वाकला. "नाही हो आजी, चूक माझी आहे. सोमवारी तपासणीला येता?"

"सोमवारी कशाला?" मीराबाई म्हणाल्या. "सुनेला हाक मारते, आत्ताच निघते."