सुधा टायपिस्ट नव्हती

इरा, नील, तुमच्या सुधाआजीला जाऊन आज पाच आठवडे झाले. जे सांगायचं आहे ते फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी पुन्हा विषय बदलला असता. म्हणून लिहिते आहे, आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापायलाही देते आहे. कारण यातली एक गोष्ट मी चारचौघांत बोलले होते, ती चारचौघांतच मागे घ्यायला हवी. दुसरी फक्त तुमची आहे. शेवटच्या रविवारी तुझा व्हिडिओ कॉल आला, नील. तू माझ्या औषधांची चौकशी केलीस आणि लगेच विचारलंस, "सुधाआजी आहे का? तिला एक गंमत दाखवायचीय." मी म्हटलं, "झोपलीय रे." ती झोपली नव्हती. माझ्याच स्वयंपाकघरात चहा गाळत होती. फोन ठेवल्यावर दोन कप घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "झोपेत चहा बरा करते ना मी, वहिनी?" मंगळवारी सकाळी ती गेली... तुझी गंमत तिने पाहिलीच नाही.

सुधा माझी धाकटी जाऊ. बेलापूरच्या या सोसायटीत आम्ही ३०२ मध्ये आणि ती ३०४ मध्ये. मी इंग्रजीत एम. ए., शाळेत शिकवणारी; घरातली शिकलेली सून म्हणजे मी, असं सासूबाईसुद्धा म्हणायच्या. मग सुधा आली, गणितात बी. एस्सी. झालेली, आणि जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात लागली. त्या मशीनला गारवा लागायचा, म्हणून ऐन मे महिन्यात ही बाई स्वेटर घेऊन कामावर जायची. एकदा तिने आपल्या प्रोग्रामचा कागद मला दाखवला. अक्षरं इंग्रजी, म्हणजे माझी. अर्थ मात्र सगळा तिचा. जिथे अक्षर न् अक्षर वाचता आलं आणि काहीच कळलं नाही, असं माझ्या आयुष्यातलं ते पहिलं पान. त्याच महिन्यात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. कोणीतरी विचारलं, "तुमच्या जाऊबाई काय करतात हो?" मी म्हटलं, "टायपिंग." सुधा बाजूलाच अत्तरदाणी घेऊन उभी होती. तिने अत्तर लावलं, पुढे सरकली. त्यानंतर कित्येक वर्षं सोसायटीत ती टायपिस्टच राहिली, आणि मी कोणालाही दुरुस्त केलं नाही. मी, जी मुलांच्या वह्यांतली एकेक वेलांटी दुरुस्त करायची!

पुढे कंपनीने तिला काही महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं. परत आली ती हसतच. तिथल्या म्हाताऱ्या घरमालकिणीने तिला कामाबद्दल विचारलं होतं आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाली होती, "म्हणजे माझ्या नवऱ्यासारखंच. तो घड्याळं दुरुस्त करायचा." मला वाटलं, हिचा चांगलाच पाणउतारा झाला. सुधाला मात्र ते फार आवडलं होतं. "तिथे कोणी डोक्यावर घेत नाही न् कोणी टायपिस्ट म्हणत नाही, वहिनी. कामाला काम म्हणतात." मी विचारलं, "चहा घेणार का?"

मग इथलेच वारे फिरले. 'मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढ्यावर लग्नं जमू लागली. नक्की काय करतो, ते कोणी विचारत नसे. तुमचा बाबा अमेरिकेला निघाला तेव्हा मी प्रत्येक मजल्यावर पेढे वाटले. "सॉफ्टवेअर इंजिनिअर," मी प्रत्येक दारात म्हणत होते, एकेक शब्द नीट उच्चारून. ३०४ च्या दारात सुधाने पेढा घेतला, अर्धा तोंडात टाकला आणि म्हणाली, "तोही टायपिंगच करतो हो, वहिनी." हळदीकुंकवाचं उत्तर तिने एवढी वर्षं जपून ठेवलं होतं. मला हसू यायला हवं होतं. नाही आलं.

दोघी एकट्या राहिल्यावर ती संध्याकाळी माझ्याकडे येऊ लागली आणि तुम्ही दोघं, तिच्यासारखेच प्रोग्राम लिहिणारे, तिचे झालात. मला तुम्ही सांगायचात हवा, जेवण, तब्येत. तिला सांगायचात ते खरं. नील, पार्टीत कोणी कामाचं विचारलं तर अमेरिकेत तू आवाज खाली आणतोस, कारण लोक म्हणतात, तुम्हा सॉफ्टवेअरवाल्यांमुळेच आमची घरभाडी वाढली. इरा, टोकियोत तुला सगळे फक्त कंपनीचं नाव विचारतात, काम विचारतच नाहीत. हे मला मटार सोलताना, पाठमोरं बसून कळलं. सुधा तुम्हाला म्हणायची, "त्यांना घड्याळवाल्याची गोष्ट सांगा," आणि तुम्ही तिघं खळखळून हसायचात. माझ्या रक्ताची नातवंडं, माझ्याच टेबलावर, माझ्याच फोनमध्ये. म्हणून त्या रविवारी ती 'झोपली' होती.

आता शेवटची गोष्ट. कोणत्या विंगला पाणी कधी सोडायचं, याचा कागद दर सोमवारी सोसायटीच्या फळ्यावर लागतो. तो काढणारा प्रोग्राम सुधाने केला होता. कागदाखाली छापून येतं: 'चूक दिसल्यास सुधा, ३०४.' सुधाचे दिवस झाल्यावर सेक्रेटरी म्हात्रे आले. "काकी, ते खालचं नाव काडायला पायजे ना? पन काडायचं कसं, ते कोनालाच येत नाय." इरा, मग मी नीलला विचारलं. त्याने अमेरिकेतूनच सोसायटीच्या ऑफिसचा कॉम्प्युटर उघडला आणि प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला. मग मला समजावलं, की प्रोग्रामात अशाही ओळी असतात ज्या यंत्र सोडून देतं. त्या फक्त पुढच्या माणसासाठी असतात. सुधा त्या मराठीत लिहायची, इंग्रजी अक्षरांत. एक ओळ त्याने वाचून दाखवली: "खालचं मराठी वहिनींनी तपासलं आहे. त्यांना विचारल्याशिवाय एक वेलांटीसुद्धा हलवू नये."

खरंच, पहिल्या कागदावर तिने 'पाणि' लिहिलं होतं आणि मी लाल पेनाने 'पाणी' केलं होतं. विसरूनही गेले होते. हे ऐकून मला बरं वाटलं असेल, असं तुम्हाला वाटेल. मला पुन्हा हेवाच वाटला... मी तिच्याबद्दल चारचौघांत बोलले ते खोटं, आणि तिने माझ्याबद्दल लिहिलं ते खरं, तेही कोणाला दिसणार नाही अशा जागी.

नाव काढू नकोस, असं मी नीलला सांगितलं. ३०४ ला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे आहे. चुका सांगायला लोक आता ३०२ ची बेल वाजवतात. कागद दर सोमवारी निघतो आणि फळ्यावर लावण्याआधी मी तो वाचते. सुधाचा प्रोग्राम अजून चालू आहे.