राजबालाची फुंकर

सकाळपासून मशीननं सोळा चांगल्या पिना नापास केल्या होत्या आणि एक तडकलेली पास. आमचे प्लँट हेड मल्होत्रासाहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"परसों ऑडिट है, और आपका कॅमेरा अंधा है."

दिल्लीजवळ मानेसरच्या आमच्या फॅक्टरीत ब्रेकसाठी लागणारी स्टीलची छोटी पिन बनते. माल जर्मनीला जातो. तिथल्या कस्टमरला आता नुसत्या नजरेची तपासणी चालत नव्हती, प्रत्येक पिनेचा फोटो हवा होता. तोवर हे काम सात बायका करायच्या, सगळ्या ठेक्यावर. कॅमेरा चालला की त्यांना घरी जायचं होतं. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

कॅमेऱ्याला शिकवायचं काम माझं. दोन दिवस त्या बायकांच्या टेबलाशी बसून मी लिहून घेतलं: पिन उचला, ट्यूबलाइटखाली फिरवा, ठेवा. एसओपीत, म्हणजे कामाच्या ठरलेल्या पद्धतीत, अगदी तसंच होतं. मशीनला तेच शिकवलं. पण तेलाचा ओघळ आणि बारीक तडा कॅमेऱ्याला सारखेच दिसत होते.

जेवणाच्या सुट्टीत परत टेबलाकडे गेले. सगळ्यात जुनी चेकर राजबाला एकटीच पाठमोरी बसली होती. तिनं पिन तोंडाजवळ नेली, हळूच फुंकर घातली, क्षणभर बघितलं आणि ओढणीनं पुसली.

मला आई आठवली. ती भंडाऱ्याला विड्या वळायची. ठेकेदार बघत असला की एका पद्धतीनं, त्यानं पाठ फिरवली की दुसऱ्या. त्याच विड्यांवर मी इंजिनिअर झाले. आमच्या घरातली पहिली डिग्री.

"राजबालाजी, ये क्या था?"

ती दचकली. "कुछ नहीं, मैडम जी."

फुंकर मारायला बंदी होती. श्वासातल्या ओलीनं स्टील गंजतं. म्हणून दोन दिवस माझ्यासमोर कुणीच फुंकर मारली नव्हती, आणि मी खोटं काम बघून मशीनला शिकवत बसले होते.

शेवटी ती म्हणाली, "भाप सब जगह से उड़ जाती है, दरार में अटकती है."

"ये मैंने मशीन को सिखा दिया तो?"

"तो हम गए." ती हसली. "नहीं सिखाया तो आप जाओगी, कोई और आके सिखाएगा. मशीन तो रुकेगी नहीं. ये बताओ, चलाएगा कौन?"

"डिप्लोमावाला ऑपरेटर."

"उसे दरार दिखती है?"

मी तशीच मल्होत्रासाहेबांकडे गेले. म्हटलं, फुंकरीचं काम करणारा नोझल बसवते, मागोमाग गरम हवा सोडते, गंज धरणार नाही. पण ऑपरेटर राजबाला, तीही कंपनीच्या रोलवर, ठेक्यावर नाही.

"आठवीं पास है वो, यार!"

"सर, ऑडिटर ने पूछा कि कैमरा चूक गया तो कौन पकड़ेगा, तो किसका नाम लिखूँ?"

संध्याकाळी फाइलवर साहेबांची सही आली.

दुसऱ्या दिवशी नोझल बसला. ऑडिटच्या दिवशी ऑडिटरनं तीन तडकलेल्या पिना गुपचूप मालात मिसळल्या. कॅमेऱ्यानं दोन पकडल्या. तिसरी राजबालानं ट्रेमधून उचलून त्याच्या हातावर ठेवली. कसं कळलं, त्यानं विचारलं. तिनं सगळ्यांसमोर फुंकर घालून दाखवली. मल्होत्रासाहेब छताकडे बघत राहिले.

राजबाला रोलवर आली. पगार जवळजवळ दुप्पट झाला, कंपनीची बस मिळाली. तिनं भांडून आणखी दोघींना मशीनवर घेतलं. चौघी गेल्या. त्यांच्यासाठी मला काही करता आलं नाही.

मला सीनिअर इंजिनिअर केलं. माझी नुसती पगारवाढ राजबालाच्या अख्ख्या पगाराहून मोठी निघाली. युक्ती तिची होती, डिग्री माझी होती.

आता नवी मशीन बसवायची असली की मी एसओपी नंतर वाचते. आधी जेवणाच्या सुट्टीत टेबलाकडे जाते.