नोफिकिलेचे दोन विमे

नोफिकिले म्हातारीला मरणाचं भय नव्हतं. भय होतं ते घोंगडीत गुंडाळून पुरलं जाण्याचं. म्हणून दक्षिण आफ्रिकेतल्या लुसिकिसिकीकडच्या डोंगरावर एकटी राहून सव्वीस वर्षं तिने मयत-मंडळाचे शंभर रँड दरमहा भरले. मंडळ पेटी देतं, बैल कापतं, काळ्या शालींतल्या बायका गायला उभ्या करतं. मात्र तीन हप्ते चुकले की नाव कमी. हा नियम अध्यक्ष असताना तिनेच केलेला. तिघींना तो लावताना तिची पापणीसुद्धा हलली नव्हती.

त्या साली एप्रिलपासून पेन्शनमधून दोनशे रँड परस्पर कापले जाऊ लागले. पीठ, रॉकेल घेतलं की हातात काही उरेना. दोन हप्ते हुकले. तिसऱ्याचा शनिवार तोंडावर आला, तशी म्हातारी बँकेत जाऊन थडकली.

“आजी, हा तुमचा मयत-विमा,” कारकून लुवुयो म्हणाला.

“मी कशाला काढू? माझं मंडळ आहे.”

“अंगठा तर तुमचाच. चौदा मार्च.”

चौदा मार्चला शेजारच्या म्हाताऱ्याची माती होती. आता मंडळाची रीत अशी, की मयताला गैरहजर राहिलं तर दंड. लिहिता न येणाऱ्या बायका हजेरीला अंगठा देतात. जेवणाच्या रांगेत काळ्या कोटातला एक जण अंगठ्याचं यंत्र घेऊन फिरत होता. म्हातारीला वाटलं, मंडळाने वही सोडून यंत्र घेतलं. पहिला अंगठा नीट उमटला नसेल म्हणून तिने आपणहून दुसऱ्यांदा दाबला.

“म्हणून दोन विमे निघालेत,” लुवुयो हसला. “दोनदा मरायचं असेल तर फायद्यात आहात.”

“तुझ्या आजीचा अंगठा कुठे कुठे लागलाय, ते बघ आधी.”

लुवुयोचं हसू मावळलं. त्याने दोन्ही विमे रद्द केले.

“आणि गेलेले पैसे?”

“तक्रार घेतलीय. नव्वद दिवस लागतील.”

“शनिवार परवा आहे, बाबा.”

शनिवारी मंडळाच्या नव्या अध्यक्षीणबाई नोसिझ्वे तिला कुळाच्या नावाने हाक मारत म्हणाल्या, “अगं माबेले, नियम तुझाच. तुला सोडलं तर त्या तिघींच्या लेकी मला विचारतील.”

“विचारतीलच,” म्हातारी म्हणाली. “मार रेघ.”

जुलैअखेरच्या थंडीत ती गेली. नव्वद दिवस भरायला अजून महिना होता. विमा नाही, मंडळ नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. पुतण्याने घोंगडीत गुंडाळून खड्ड्यात उतरवली. मंडळाच्या बायका आल्या होत्या. पण मयत सभासद नसेल तर बायकांनी काळी शाल अंगावर घ्यायची नाही, गायचंही नाही. चाळीसेक जणी कुडकुडत, तोंड मिटून उभ्या राहिल्या.