अंगठा सोडला तेव्हा

"अवो, अंगठा काढा तो! म्हातारीला तरी फसवू नका!" माझी बायको सखू डाळिंबाच्या बागेतनं ओरडत होती आणि मी तळहातावर आडवा नारळ धरून, डोळे अर्धे मिटून, साक्षात ऋषीसारखा पुढं चाललो होतो. नशीब, म्हातारीला मराठी येत नव्हतं.

मी पाणाडी. हातावरचा नारळ उभा राहिला की खाली पाणी, ही आमची विद्या. शेळगावापासून नरसिंहपूरच्या संगमापर्यंत मी हजारभर विहिरी दाखवल्या. सखूच्या मते त्यातल्या चारांना पाणी लागलं. आता लपवत नाही, नारळ मी अंगठ्यानं उठवायचो. म्हणून नरसिंहाच्या देवळात गेलो की माझी मान काही वर होत नसे.

म्हातारी म्हणजे इंग्रिडबाई, स्वीडनची, पंचाहत्तरीची, बगळ्याच्या पिसाहून हलकी. तिची पणजी हेडविग इंग्रजांच्या काळात, कालव्याच्या कामावरच्या नवऱ्याबरोबर इथं आली. दोन लेकरं इथंच तापानं गेली, मग नवरा कालव्यात वाहून गेला. बाई मात्र हलली नाही. गाई पाळल्या, मळा केला, उरलेल्या एका लेकीला तेवढं बोटीनं मायदेशी धाडलं. त्या लेकीची ही नात. पणजीला आमच्याच रानात पुरलंय एवढं गावाला ठाऊक. नेमकं कुठं, ते कुणालाच नाही, म्हणून शोधायला गावानं मला पुढं केलं. थडग्यावर टाकायला पणजीच्या गावची माती इंग्रिडबाईनं डबीत भरून आणली होती. दुसऱ्या दिवशी तिचं विमान, आणि पुन्हा यायचं वय राहिलेलं नव्हतं. आमच्या सूनबाईनं हे सगळं बाईच्या इंग्रजीवरून सांगितलं, तेव्हा मी बेत केला: बांधावरच्या बाभळीखाली नारळ उठवायचा, थडगं इथंच म्हणायचं, म्हातारीनं माती टाकायची, तिचंही समाधान, माझीही अब्रू.

उन्हात ऊस पाण्यावर तरंगल्यासारखा दिसत होता. बाई माझ्यामागं अनवाणी, डबी उराशी धरून, पाळण्याच्या चालीचं काहीतरी गुणगुणत येत होती. शब्द एक कळेना, पण माझी मेलेली आईच मागून चालतेय असं वाटायला लागलं. आईदेखत अंगठा कसा हलवायचा? मनात म्हटलं, "नरहरी, मला काय बी येत न्हाय. तूच बघ." आणि अंगठा सोडला.

बाभळ अजून वीस पावलं लांब होती. डाळिंबाच्या दोन ओळींमध्येच नारळ उभा राहिला. तिथंच खणायला घेतलं; खोरं हातभर गेलं आणि दगडाला लागलं. तीन दगड निघाले, दोन लहान आणि मधे एक मोठा. सूनबाईनं माती पुसत मोठ्यावरचं नाव वाचलं: हेडविग. बाईनं डबी रिकामी केली आणि त्या दगडावर गाल टेकून कितीतरी वेळ बसून राहिली.

हे कसं झालं, मला विचारू नका. मी एवढंच जाणतो की जन्मभर देवाच्या कामात माझा अंगठा मधे होता. एकदा तो बाजूला घेतला, तर देवानं एका म्हातारीला तिची माणसं भेटवली. घरी येऊन तो नारळ देवापुढं ठेवला, गंध लावलं, आणि कितीतरी वर्षांनी मान वर करून हात जोडले.

"सखू, आज अंगठा लावला नव्हता गं."

"बघितलं म्या. फोडा आता त्यो, चटणीला खोबरं न्हाय."